हळू बोला, आजी

"मग देऊ का इंजेक्शन?" परीक्षक डॉक्टरीणबाईंनी रशियनमधून विचारलं. नर्स सिरिंज भरून उभीच होती.

हर्षलची ही रुग्णासमोरची परीक्षा होती. खाटेवरच्या आजींना त्याने विचारलं होतं, "हे औषध पूर्वी कधी घेतलंय का?" त्यावर त्या भरभर बरंच काही बोलल्या आणि त्याला अक्षरही कळलं नाही. रशियाला येण्याआधी इंग्रजीतून रशियन शिकवणारी सगळी ॲप्स, सगळे व्हिडिओ त्याने पालथे घातले होते. त्यांनी कॉफी मागायला, संग्रहालयाचा रस्ता विचारायला शिकवलं. दुखण्याने कण्हणारं माणूस कसं बोलतं, ते कुणीच शिकवलं नव्हतं.

"नाही कळलं" म्हणावं, तर मेडिकलचं वर्ष बुडणार.

"थांबा," तो अखेर म्हणाला. "मला कळलं नाही. आजी, जरा हळू बोला."

आजींनी त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "घेतलं होतं. गळा सुजला. श्वास कोंडला."

नर्सने सिरिंज खाली ठेवली.

"पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण भाषा कच्ची आहे. रोज येऊन यांच्याशी बोलत बस."

आजींनी पाय आखडून खाटेवर जागा केली.