टाकीमागची भिंत

फ्लशची टाकी भिंतीवरून खाली उतरली, तसं बन्सीनानांनी कल्याणला धारेवर धरलं.

"बघ तुझी फिटिंग. सात वर्षांत तीनदा बसवली. भिंतीची चाळण केली तू."

भिंतीला खरंच भोकांच्या तीन जोड्या होत्या. टाकी ढिली व्हायची, पाणी गळायचं आणि नाना नळवाल्या कल्याणला बोलावून शिव्या घालायचे. आज रंगाऱ्याचा ब्रश टाकीमागं जाईना म्हणून ती उतरवली होती. परवा नानांच्या बायकोचं, केशरबाईंचं वर्षश्राद्ध. सगळं घर रंगवून झालं होतं, एवढी संडासाची भिंत राहिली होती; टाकीच्या कडेनं लावलेली पुट्टी अजून ओली होती.

कल्याणनं एका भोकात स्क्रूड्रायव्हर घातला. तो आत सैल हलला.

"नाना, हे भोक गोल न्हाई. खाली लांबलंय. टाकीच्या वजनानं असं व्हत न्हाई. कुनी खालून ओढलं तर व्हतं."

"टाकी कोन ओढील? खुळा झाला का तू?"

कल्याणनं फरशीवरची टाकी त्यांच्याकडं वळवली. सगळी टाकी पिवळट आणि खरबरीत झाली होती. भांड्याकडचा खालचा कोपरा तेवढा पांढरा, गुळगुळीत होता. चार बोटं बसतील एवढीच जागा.

नानांनी त्यावर हात ठेवला. त्यांची बोटं जागेच्या बाहेर आली. तिथं धरणारा हात लहान चणीच्या माणसाचा होता.

"केशरमावशी," कल्याण म्हणाला. "बसल्यावर उठता येत नव्हतं त्यांना. हिला धरून उठायच्या."

"तुला कोन म्हनलं?"

"त्याच. दुसऱ्या खेपंला. म्हनल्या, कल्याण, शिव्या बसतील तेवढ्या खा, पर ह्यांना सांगू नको."

"का?"

कल्याण पान्हा पुसत राहिला.

"का म्हनून इचारतोय मी."

"म्हनल्या, हे चार मानसांत सांगत असत्यात, आमची म्हातारी अजून कांदा लावती, वाफ्यात बसली की पोरींना मागं टाकती. त्यांना खाली बघायला लागंल."

नाना हे सांगायचेच. चावडीवर सांगायचे, राहुरीच्या बाजारात सांगायचे. दहाव्यालासुद्धा सांगितलं होतं, की बाईनं जन्मात एकदा आई गं म्हटलं नाही, चालतीबोलती गेली.

जायच्या महिनाभर आधी ती दिवसभर लावणीत होती. दिवस मावळला, बाकीच्या बाया टेम्पोत बसल्या, तरी ती वाफ्यातच बसून होती. नानांनी बांधावरून हाक मारली, तेव्हा म्हणाली, तुमी व्हा पुढं, एवढी एक ओळ करते. नानांना वाटलं, हौस.

वाफ्यात धरायला काही नसतं.

"नाना," कल्याण म्हणाला, "बाहेर खुर्चीवर बसता का? पानी आनू?"

"बाजूला हो जरा."

कल्याण दारापर्यंत मागं सरकला. नानांनी पायजमा वर ओढला आणि कोरड्या भांड्यावर उकिडवे बसले. उजवा हात वर केला. तो ओल्या पुट्टीला लागला आणि घसरला.

त्यांचे गुडघे धड होते. कशालाही हात न लावता ते एका दमात उभे राहिले.

मग परत खाली बसले.