डोक्याला ताप

युवराजनं पिरनवाडीतल्या शेडात जुन्या कारचं इंजिन बसवून, जांबोटीच्या चिखलात पळवायला बग्गी बनवली. बनवली खरी, पण ती अजून फाटकाबाहेर पडली नव्हती. इंजिन चालू करून मिनिटभर झालं, की खडेबाजारातनं हौसेनं आणलेल्या विलायती टेंपरेचर मीटरचा काटा शंभर ओलांडायचा आणि हा धसक्यानं किल्ली फिरवायचा. रेडिएटर बदलला, पंखा बदलला, पाण्याचा पंप उघडून परत बसवला, ओळखीच्या मेकॅनिकांचं डोकं खाऊन झालं. हात लावून बघावं तर इंजिन जेमतेम कोमट. पण एवढं महागाचं मीटर खोटं कशाला बोलंल?

आजही काटा चढला तसा त्यानं किल्ली बंद केली आणि हातातला पाना भिंतीवर भिरकावला. तेवढ्यात रचना दारात आली.

"अहो, ते ऱ्हाऊ द्या आता. करिष्माला ताप आलाय, दवाखान्यात न्यायला पायजे."

"इथं माझ्या डोक्याला ताप झालाय, त्यात तुझं आणि काय मधीच?" तो बायकोवर खेकसला. "बघ की हिकडं, एकशे दोन. उकळाय लागलंय इंजिन."

रचनानं हातातला थर्मामीटर त्याच्या मीटरशेजारी नेऊन धरला. दोन्हीवर आकडा तोच होता, आणि आकड्यापुढचा फॅरनहाइटचा बारीक 'एफ'ही.

"लेकीचा पण एकशे दोनच हाय," ती म्हणाली. "ती न्हाय अजून उकळली."