विहिरीतला सराव

समुद्रातली कासवं सोडवायचा सराव सोलापूरचा स्कूबा क्लब जोतीरामकाकांच्या गढूळ विहिरीत करायचा: बुडवलेल्या दगडावरचं जाळं डोळे मिटून, चाचपत कापायचं. "हिरीत कासव गावतंय व्हय?" काका चिडवायचे. क्लबमधल्या धम्मप्रियाला खरं कासव एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं. आज मालवणला पाण्याखाली गाईडनं तिला खूण केली: जाळ्यात कासव अडकलंय. श्वासासाठी त्याला वर जायलाच हवं होतं. पण त्याच्या धडपडीनं वाळू इतकी उसळली होती की समोरचं काहीच दिसेना. गाईड थबकला. धम्मप्रियानं विहिरीतल्यासारखे डोळे मिटले आणि बोटांनी धागे शोधत कात्री चालवली. शेवटचा धागा तुटताच पाण्याचा धक्का बसला. ती वर आली तेव्हा होडीत जल्लोष चालला होता. कासव श्वास घेऊन गेलंसुद्धा. तिनं काकांना फोन लावला. "सुटलं, काका!" "दिसतंय कसं गं?" "बघायचं राहिलंच की."