ग्रुपवरचा आवाज

२०१६ सालची गोष्ट. चीनमधल्या चांग्शा शहरातल्या एका वसाहतीच्या मोबाइल ग्रुपवर छ्यूभाऊंनी कुठल्याशा परदेशातल्या पंतप्रधान बाईंचा फोटो टाकला. तान आजींनी बोलायचं बटण दाबून धरलं आणि ठसक्यात म्हटलं, "ना नवरा, ना मूल! जिला स्वतःचं घर मांडता आलं नाही, ती कसला देश चालवणार?" सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. आजी दिवसभर खुशीत होत्या.

पुढच्याच आठवड्यात रहिवासी समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. छ्यूभाऊंच्या विरुद्ध उभी होती आजींचीच मुलगी पेइ; चाळिशी उलटलेली, अविवाहित.

भरल्या सभेत छ्यूभाऊ उठले. "मी कशाला बोलू? तिच्या आईलाच ऐका की!" असं म्हणून त्यांनी ग्रुपवरचा तो आवाज लावून फोन माइकला धरला. आजींचा आवाज दालनभर घुमला आणि लोक पोट धरून हसले. आजींनी भाजीची पिशवी उचलली आणि दाराची वाट धरली.

घरी जाताना त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेत पेइ म्हणाली, "आई, तू त्या बाईंबद्दल बोललीस. ठाऊक आहे गं मला." हिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं आजींना वाटलं.

छ्यूभाऊ निवडून आले, आणि दोन वर्षांत नातू सांभाळायला लेकाकडे निघून गेले. पेइ शेन्झेनला नोकरीला गेली. दर रविवारी फोन करते. आजी अजून त्या ग्रुपवर आहेत. तसला फोटो आला की त्या बटण दाबून धरतात, आणि काहीच न बोलता सोडून देतात.