बीजेच्या चंद्राची होडी

"सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, अक्का," पाटावर बसत भिवा तारी म्हणाला.

"पटलं तरच ओवाळीन." अक्काने निरांजनाचं ताट मागे ओढलं.

तिचं सासर नदीच्या या काठाला, पोर्तुगिजांच्या गोव्यात. माहेर पलीकडे आरोंद्यात, नव्या भारतात. दोन सरकारांचं बिनसलं, काठाकाठाला बंदुका उभ्या राहिल्या आणि बहीणभावाच्या सात भाऊबिजा हुकल्या. गेल्या डिसेंबरात आपलं लष्कर आलं, दीड दिवसात लढाई संपली, तेव्हा कुठे यंदाच्या बीजेला भिवाची होडी इकडे लागली. पंचक्रोशीत त्याच्यासारखं वल्हं कुणी मारत नसे, पण बंदुकीला तो भ्यायला होता. बहिणीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मी दर वर्षी येत होतो," तो म्हणाला. "बीजेचा चंद्र पाण्याला टेकला की त्यातच बसायचो आणि वल्हं मारत वर निघायचो. खाली शिपाई पेंगलेले, नदी दुधासारखी निवांत. तुझ्या माडाच्या शेंड्याला दोर बांधून थांबायचो. भाऊ नाही आला म्हणून तू चंद्राला ओवाळायचीस ना? आत मीच होतो! गेल्या साली वाऱ्याने ज्योत विझत होती, तर वरून हाताचा आडोसा धरला."

अक्काने बोटावर कुंकू घेतलं. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"खोटं, लबाडा! गेल्या साली आभाळ भरलेलं होतं, चंद्र दिसलाच नाही. पलीकडच्या काठावर तू कंदील धरून उभा होतास, मी त्या कंदिलाला ओवाळलं."