बिराम सेकचा डावा हात

फोटो भिंतीवर चढला, सुतार शिडीवरून उतरला, आणि कोडूची नजर त्या हातावर पडली.

फोटो दाराएवढा मोठा. त्यात मारेम नाचत होती, पण मारेम कुठली, निळ्या झग्याचा नुसता भोवरा. मागे ढोलवाले, त्यांचे हात, त्यांच्या काठ्या, सगळं धुरासारखं विरलेलं. कोडू फोटो काढायची ते असेच. शटर ती मुद्दाम जास्त वेळ उघडं ठेवायची. जे हललं ते पुसट व्हायचं, जे हललं नाही तेवढंच स्पष्ट यायचं. या फोटोत स्पष्ट अशी एकच गोष्ट आली होती. तिच्या बापाचा डावा हात. नखांतली माती दिसावी इतका स्पष्ट.

साबारचा ढोल एका हातात काठी धरून आणि दुसऱ्या उघड्या हाताने वाजवतात. बापाची काठी बाकीच्यांसारखीच विरघळली होती. डावा हात मात्र चामड्यावर नुसता पडून होता, दुपारी ओट्यावर मांजर पडतं तसा.

घरी संगणकावर हाच हात तांदळाच्या दाण्याएवढा दिसायचा. आणि तिचं सगळं लक्ष मारेमवर. नाच चालू असताना बापाचे हात कोण बघतं?

आता मात्र सगळे बघणार होते. पाच वाजता प्रदर्शन उघडणार आणि मेदिना वस्तीतले झाडून सगळे ढोलवाले येणार. तिचा बाप, बिराम सेक, त्यांचा म्होरक्या. नाचणारी रिंगणात उतरली की तिच्या पायांवर नजर ठेवायची आणि उडीनंतर ते जमिनीला टेकताना नेमकी थाप द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या बापाचंही तेच होतं. हात गेलेल्या माणसाला त्या जागेवर कोण बसू देईल? बरं, ही माणसं फोटोत चेहरे बघत नाहीत. आधी हात बघतात.

तिला आता एकेक आठवायला लागलं. चहा या पेल्यातून त्या पेल्यात ओतून फेस काढायचा, तर त्या कामाला म्हातारा कुणाला शिवू देत नसे. तबास्कीच्या सणापासून मात्र ‘दाउदा, तू ओत’ म्हणून भाच्याकडे ढकलायचा. कोडूला वाटलं होतं, म्हातारा आळशी झाला. ढोलही दाउदाच उचलायचा. तिला वाटलं होतं, थकला असेल.

आणि तिला तरी हे कसं दिसावं? ती आनंदात होती. इतकी वर्षं बापाने तिची टर उडवली होती. ‘पोरीचा हात कापतो, फोटो हलतात, आणि शहाणे लोक त्याला कला म्हणतात,’ असं तो गल्लीभर सांगत सुटायचा. यंदा त्याने स्वतःहून बोलावलं. ‘ते बाकीचे फोटोवाले नकोत मला. तूच काढत जा,’ म्हणाला आणि तिला थेट आपल्या ढोलासमोर बसवलं. त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये रडली होती.

“मादाम, हा उतरवू या,” ती दालनाच्या मालकिणीला म्हणाली.

“वेड लागलंय का? निमंत्रणावर हाच छापलाय.”

“दुसरा लावू. कुठलाही.”

“दर वेळी तुझं हेच. लोक यायची वेळ झाली की तुला तुझे फोटो वाईट दिसायला लागतात. जा, गार सरबत पी जरा.”

खरं कारण सांगायची सोय नव्हती. मादाम आत वळताच कोडूने शिडी ओढली आणि वर चढली. फोटो जड, त्याची तार खिळ्यावरून निघेना.

“काय गं, माकडासारखी कुठे चढलीस?”

खाली बिराम सेक उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा झगा, डावा हात झग्याच्या घोळात. सगळ्यांच्या आधी आला होता. कोडू शिडीवरच थिजली. म्हाताऱ्याने आधी मारेमला पाहिलं, मग मागच्या ढोलवाल्यांना, आणि मग त्याची नजर खाली सरकली आणि तिथेच थांबली.

“बाबा, उतरवतेय मी. एक मिनिट फक्त.”

“राहू दे.”

“ते सगळे बघतील.”

“आज ना उद्या बघणारच होते. ये खाली, पडशील.”

बाहेर गलका झाला. ढोलवाले आले होते. दाउदा घाईघाईने आत आला आणि त्याने काठी पुढे केली. “मामा, चला. तुमच्याशिवाय सुरुवात कशी करणार?”

बिराम सेकने काठी घेतली. जरा वेळ बोटांत फिरवली आणि भाच्याच्या मुठीत परत दिली.

“तू कर सुरुवात. आजपासून तूच करायची.”

दाउदाला काही कळेना. मग त्याने मामाच्या नजरेमागोमाग भिंतीकडे पाहिलं आणि खाली मान घालून तो बाहेर गेला. थोड्या वेळाने ढोल वाजू लागले. पहिली थाप किंचित उशिरा पडली.

कोडूला रडू आवरेना. “माझं चुकलं, बाबा. मी इतक्या जवळ बसत होते, तरी मला दिसलं नाही.”

“तुझं काय चुकलं? माझाच अंदाज चुकला,” म्हातारा फोटोवरची नजर न काढता म्हणाला. “बाकीच्या सगळ्यांना हाकलून मी तुला एकटीला समोर बसवलं. म्हटलं, हिचे फोटो हललेलेच येतात.”