पडद्यातली शलाका

"शलाका, तिसऱ्याच मोसमात तुझा खांदा कामातून गेलाय. तुला संघात घेऊन करू काय?" घारपुरे सरांनी पडद्याकडे बोट दाखवलं. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारे पिचर हल्ली असेच निवडत. पोराने चेंडू हातात घ्यायच्या आधी संगणक त्याची अख्खी कारकीर्द खेळून मोकळा व्हायचा.

पडद्यातली शलाका हात गळ्यात अडकवून बाकावर बसली होती. शलाका पडद्याजवळ गेली.

"काय गं, पस्तावलीस?" तिने पडद्यातल्या शलाकाला विचारलं.

"छे! दोन मोसम भल्याभल्यांना रडवलंय. दुसरा हातही देईन."

"ऐकलंत सर?"

"अगं, ती नुसती आकडेमोड आहे. तिचं काय ऐकायचं?"

"मग तिचा खांदा तरी कशाला ऐकता?" म्हणत शलाकाने सरांच्या टेबलावरचा चेंडू उचलला आणि ती मैदानाकडे निघाली.